बर्फाच्या पुलावरचा राखणदार

मित्रांनो, डोळे मिटा आणि बर्फाने भरलेली एक दरी मनात आणा. दरीवर अरुंद पूल आहे. पुलाच्या तोंडाशी बैलाहून थोराड, तीन डोळ्यांचा, लांडग्यासारखा एक कुत्रा बसला आहे. दिसला? तोच मी. मी एक जुना राखणदार आहे, एका व्हिडिओ गेममधला.

दूर उत्तरेकडच्या देवादैत्यांच्या कथा ऐकून कुणीतरी मला घडवले आणि पूल राखायला बसवले. सीडीतून मी डिंगोरे गावी कपिलच्या घरी आलो, ते २००४ साल होते. कपिल तलवार उपसून धावत यायचा आणि मी त्याला दरीत भिरकावायचो. त्याचे मित्रही येऊन पडायचे. "लई खतरनाक हाय राव," असे ते म्हणत, तेव्हा माझी छाती फुगायची. तरी एक खंत होती. जो तो मला मारायलाच यायचा.

त्या दिवाळीत कपिलच्या वावरात खतासाठी यमाजी मेंढपाळाच्या मेंढ्या बसल्या होत्या. यमाजीची मुलगी नंदा रोज कपिलशेजारी बसून माझ्याकडे टक लावून पाहायची. पुलापलीकडे काय आहे, ते तिला बघायचे होते. पण उद्या पहाटे मेंढ्या कोकणात उतरणार होत्या. म्हणजे आजचाच दिवस हातात होता.

"आज तरी मला दे की," ती म्हणाली.

"तलवार कुठल्या बटनानं चालती, म्हाईत हाय का?"

"ठिवायची कुठल्या बटनानं, ते सांग."

"ठिवायची? मरशील."

"मग तू रोज काय जगतोस व्हय?"

कपिलने बटण दाखवले आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. नंदाने त्याला समजावले, "आमच्या मेंढवाड्यावर कुणी काठी उगारून आला, तर कुत्री अंगावर जात्यात. काठी टाकून खाली बसला, की वास घेत्यात आन् सोडत्यात. ह्यो बी राखणीचाच हाय."

तिने तलवार म्यानात घातली आणि माझ्यासमोर बर्फात बसली. मी डरकाळी फोडून झेपावलो. कपिलचा हात तलवारीच्या बटणाकडे गेला. तिने त्याचे मनगट धरले. "हलू नको."

मी तिच्या पुढ्यात थांबलो. तिचा वास घेतला. निःशस्त्र येईल त्याला वाट दे, ही माझ्या घडवणाऱ्याची आज्ञा माझ्यात कधीची निजली होती. ती जागी झाली. मी बाजूला सरलो आणि मान खाली टेकवली. मित्रांनो, येणाऱ्याला ओळखणे हे राखणदाराचे खरे काम, आणि ते मला त्या दिवशी पहिल्यांदा करता आले. तेव्हा कुणाच्या राखणदारासमोर जाल, तर आधी हात मोकळे करा.

नंदा ताठ मानेने पूल ओलांडून गेली. धुके सरले. पलीकडे समुद्रापर्यंत हिरवेगार डोंगरउतार पसरले होते.

"आता खजिना हुडक," कपिल ओरडला.

नंदा मात्र उठली, वावरात धावली, यमाजीला हाताला धरून आत घेऊन आली आणि पडद्यासमोर उभे करून म्हणाली, "बघा आबा, केवढा चारा."