चंद्रकळेवर सेबलची कॉलर

सुनेने मला न विचारता माझी वस्तू परत केली. मी काय बालवाडीतली पोर आहे, शेजारणीचं खेळणं उचलून आणलेली?

वस्तू म्हणजे केसाळ कॉलर. इथे जपानात, ओजिमात मुलाच्या घरी राहते मी; आमच्या खालच्या मजल्यावर किकुचीबाई राहतात. दोन हजार अकरा सालच्या भूकंपात समुद्र त्यांच्या गावात शिरला. घर गेलं, नवरा गेला, अंगावरचा कोट तेवढा उरला. पुढे कोटही विरला, कॉलर राहिली. मी खोकते हे ऐकून त्यांनी ती माझ्या गळ्यात घातली. सेबल नावाच्या प्राण्याची. इंग्रजीत त्या रंगालाही त्याचंच नाव म्हणे, जसा आपला पोपटी. सावलीत काळाकुट्ट, उन्हात धरला की उकळलेल्या चहासारखा तांबूस.

घरी आले की मी ती काढून देवघरात ठेवायची. ते बघून नंदिनी म्हणाली, "आई, मेलेल्या जनावराचं कातडं, देवघरात?" आणि मी दुपारी पडले होते तेव्हा बिस्किटांचा डबा जोडून परत देऊन आली.

तेव्हापासून किकुचीबाई जिन्यात दिसल्या की मान खाली घालून आत जातात. आधी हात धरून घरात ओढायच्या. एकमेकींचं बोलणं कळायचं नाही, तरी चहा घेत बसायचो. या गावात माझ्यासाठी उघडणारं तेवढं एकच दार.

संक्रांतीला मी काळी चंद्रकळा नेसले. "चल," म्हटलं, "तिळगूळ द्यायला. माझं बोलणं तू सांगायचंस."

"आई, काळं नको ना. इथे मयताला घालतात."

"मग सांग, आमच्यात संक्रांतीला नेसतात. तोंड आहे ना?"

किकुचीबाई साडी बघून दचकल्याच. नंदिनीने समजावलं तशा सैलावल्या. मग हळूच काहीतरी बोलल्या. नंदिनीने नुसता तिळगुळाचा डबा पुढे केला.

"अगं, काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, समुद्र आला त्या दिवशी कॉलर माझ्या गळ्यात होती, म्हणून तुम्हाला अशुभ वाटली असेल."

मी गळ्यावरचा पदर सारला आणि त्यांच्यापुढे मान वाकवली. त्या आत गेल्या, कॉलर घेऊन आल्या. माझ्या गळ्यात त्यांनी ती स्वतः घातली.

जिन्यात मी नंदिनीला थांबवलं. "तुझे आजेसासरे जन्मभर मृगाजिनावर बसून संध्या करत. देव काही उठून गेले नाहीत. उद्या एकटी जा आणि त्यांची माफी माग. तुला तर बोलायला मधे कुणी लागत नाही."