डावखुरं इंजिन

आमच्या ह्यांनी लष्कराच्या लिलावातून जीप आणली, एकावन्न साली, तेव्हा ती बघायला मानपाड्यात जत्रा लोटली. गाडीच्या चारही चाकांना ओढ होती, फक्त ओढायला इंजिन नव्हतं. म्हणजे होतं, पण त्याच्या पोटाला बोट जाईल एवढी चीर.

"बॉडी बघ कशी, लोखंडासारखी," हे म्हणाले.

"लोखंडाचीच आहे ती," मी म्हटलं.

याहून जास्त मी टोकलं नाही. जीप कुणासाठी आणली ते मला ठाऊक होतं. माझी नणंद सगुणा तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आधीची दोन्ही बाळं कल्याणच्या दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीतच गेली. ह्या खेपेला डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिली कळ आली की निघा, आणि बैल जुंपू नका.

इंजिन मिळालं ते खाडीकाठच्या गंगुबाईंकडे. त्यांच्या नवऱ्याने, आनंदा नाखव्याने, मोडीत निघालेल्या एका लष्करी लाँचची दोन इंजिनं घेऊन ठेवली होती. स्वतःची लाँच बांधायची, ठाण्यापर्यंत माणसं न्यायची, असं त्याच्या मनात होतं. लाकूड यायच्या आधी तो तापाने गेला. दोन्ही इंजिनं पडवीत शेजारी शेजारी ताडपत्रीखाली बसलेली. गंगुबाई त्यांच्यावर महिन्याकाठी तेलाचा बोळा फिरवत.

सगुणाचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग ताडपत्री बाजूला करून दोन्ही इंजिनांकडे बघितलं.

"एक न्या, बाय," त्या मला म्हणाल्या. "एक माझ्या दारात राहू द्या. ते मागायला मात्र येऊ नका."

पैशाचा विषय काढला तर आत निघून गेल्या. ह्यांनी दाराजवळचं इंजिन उचललं, कारण ते उचलायला सोपं होतं.

मग कापणं, जोडणं, ठोकणं. माझी मोठी परात तेल धरायला गेली ती परत आली नाही. लाँचचं इंजिन खाडीचं पाणी पिऊन थंड होणारं, त्याला जीपच्या रेडिएटरची सवय लावावी लागली. एकदाचं ते बसलं. हँडल मात्र उलट्या अंगाने फिरवल्याशिवाय चालू होईना.

"डावखुरं दिसतंय," हे म्हणाले.

"डावखुऱ्या बाईने दळलं तरी पीठच पडतं," मी म्हटलं. आपण फार शहाण्यासारखं बोललो असं मला वाटलं.

ह्यांनी पहिला गियर टाकला आणि जीप सरळ मागे जाऊन गोवऱ्यांच्या राशीत घुसली. चुकून रिव्हर्स पडला असेल म्हणून पुन्हा टाकला. उरलेल्या गोवऱ्याही गेल्या. मग ह्यांनी मुद्दाम रिव्हर्स टाकला, तशी जीप गोगलगायीसारखी पुढे सरकली. ह्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बॉनेट उघडलं.

"जोडीतली इंजिनं ही," आत बघत म्हणाले. "एक उजवं फिरतं, एक डावं, म्हणजे होडी एका अंगाला ओढत नाही. मी डावं उचलून आणलं."

"आणि उजवं?"

ते कुठे होतं ते दोघांनाही माहीत होतं. "मागायला तोंड आहे का मला?" हे म्हणाले. मलाही नव्हतं.

तर आमची जीप अशी झाली. मागे पळायला तीन गियर, पुढे जायला एक, तोही बैलाच्या चालीचा. काहीतरी उपाय काढू म्हणून हे डोकं खाजवत होते, तोवर दुसऱ्याच सकाळी सगुणाने दाराची चौकट घट्ट धरली.

"गाडी काढ दादा."

"अगं, ती उलटी जाते."

"पोचते ना? मग काढ."

मागच्या बाजूला गादी घातली, सगुणाला घेऊन मी बसले आणि हे मान वळवून, आमच्या डोक्यांवरून रस्ता बघत, कल्याणकडे निघाले. जीप पाठमोरी सुसाट. पत्रीपुलाजवळ एका गाडीवानाने बैल आवरले.

"काय मालक, गाडी रुसली का?"

"माहेरी निघाली," मी ओरडून सांगितलं.

सगुणाच्या कपाळावर घामाचे थेंब होते, माझा दंड तिने पिळून काढला होता. तरी म्हणते कशी, "वहिनी, दादापेक्षा मी आधी पोचणार."

पोचली. मुलगी झाली आणि रडलीसुद्धा. तो आवाज ऐकून हे दवाखान्याच्या पायरीवर बसले ते उठेचनात. ह्यांची मान नंतर आठवडाभर वाकडी होती. हळदीचे लेप मीच लावले, आणि प्रत्येक लेपाला गंगुबाईंचं नाव घेतलं.

बाळाला घरी आणताना आधी त्यांच्या दारात गेलो. त्या अंगणात मासे वाळत घालत होत्या. आम्ही पाठमोरे येताना बघून त्यांचे हात थांबले. सगुणाने बाळ त्यांच्या ओटीत ठेवलं. बराच वेळ त्या त्याच्याशीच बोलल्या. मग मान वर करून ह्यांना विचारलं, "गाडी अशी का चालवतोस रे?"

 ह्यांच्या आधी मीच सगळं सांगितलं. दुसरं इंजिन मागत नाही, हेही सांगितलं.

गंगुबाई हसल्या. नाखवा गेल्यापासून त्यांना हसताना कुणी बघितलं नव्हतं.

"अगो, एक दारात राहू दे म्हटलं मी. अमुकच राहू दे, असं कुठे म्हटलं? हे आणून ठेवा नि ते घेऊन जा. पोरीने गावात शिरायचं ते पुढे तोंड करून शिरू दे."

तसंच केलं. उजवं जीपमध्ये बसलं, डावं पडवीत ताडपत्रीखाली गेलं.

सगुणाची लेक आता शाळेत जाते. खंडेनवमीला आम्ही झेंडूचे दोन हार करतो. एक जीपला घालतो, दुसरा घेऊन गंगुबाईंकडे जातो. त्यांच्या गल्लीत गाडी वळवायला जागा नाही, म्हणून हे तोंडावरच जीप फिरवतात आणि पाठमोरे आत शिरतात. गंगुबाई दारातूनच म्हणतात, "आले माझे उलटे पाहुणे." आणि पडवीतली ताडपत्री काढून ठेवतात.