पिकदाणीवाली

कोंडूशेठ दुकानात शिरला की मला किळस येते, आणि ती गुटख्याच्या वासापासून सुरू होते. माझं टेमघरला बफिंगचं दुकान आहे. नळ, समया, दाराच्या कड्या, जे येईल ते चाकावर घासून चकचकीत करतो. त्या दिवशी शेठने गाठोडं सोडलं आणि काशाचा एक पुरातन पत्रा टेबलावर आपटला. अंजूरला त्याच्या नव्या गोडाऊनचा पाया खोदताना सापडलेला.

पत्र्यावर छत्राखाली एक सरदार बसलेला. सुटलेली ढेरी, दंडात कडी, गळ्यात माळांचा ढीग, आणि तोंड पत्र्याच्या बाहेर येईल एवढं उठावाचं. खाली खोलगटात त्याच्या गुडघ्याएवढी एक बाई, दोन्ही हातांत पिकदाणी धरून. तिच्या गळ्यात मणीसुद्धा नाही. मोठं कोण आणि हलकं कोण, हे कारागिराने धातूत ठोकूनच ठेवलं होतं.

"आमचा मूळपुरुष हाय यो," शेठ म्हणाला. "नाक बग, माजंच. बंगल्याच्या दारावर लावाचाय. ही बाई तेवरी घासून टाक. पावन्यांना घान वाटंल."

थुंकणाऱ्याची घाण नाही, धरणारीची! याच्याच बापाची पिकदाणी माझ्या आईने, ठमाबाईने, ओटीवर वर्षानुवर्षं धरली. म्हातारा न बघता थुंकायचा. अर्धी पिंक तिच्या बोटांवर. घरी येऊन ती राखेने हात घासायची, तरी आम्हा पोरांना कधी हाताने घास भरवला नाही, चमच्याने भरवायची. आणि आता हा तिला दारावरूनही पुसायला निघाला होता.

"बाईला हात लावणार नाही," मी म्हणालो. "आणि एवढी जुनी वस्तू आहे, सरकारात कळवा."

"म्हंजे गोडाऊनचं काम बंद? न्हाय, न्हाय. ऱ्हाऊ दे तुजी बाई. पन मूळपुरुष सोन्यावानी चमकला पायजे."

"चेहरा झिजेल, शेठ."

"झिजतो कसला! घास तू."

मी नाही म्हटलं असतं तर तो पुढच्या दुकानात गेला असता, आणि तिथे बारीक चाकाच्या पहिल्याच फटक्यात बाई गेली असती. मी चाक सुरू केलं. शेठने गुटख्याची नवी पुडी तोंडात रिकामी केली. मी थांबलो की तो हाताने खुणावायचा, अजून, अजून. बफचं रुंद चाक उंचवट्यालाच लागतं, खोलगटात पोचत नाही. आधी नाक गेलं, मग ओठ, मग डोळे. शेठ नुसती चमक बघत होता.

पुसून पत्रा त्याच्या हातात दिला. मूळपुरुषाच्या तोंडाच्या जागी आता एक गुळगुळीत गोळा होता, आणि त्यात शेठचे फुगलेले गाल दिसत होते. खाली बाई काळीच राहिली होती, पण नाक, डोळे, पिकदाणीवरची बोटं, सगळं जसंच्या तसं.

शेठला ओरडायचं होतं. तोंड भरलेलं, त्यामुळे नुसती गुळगुळ झाली. थुंकायला जागा शोधत त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि सवयीने त्याची नजर माझ्या हातांवर आली. मी दोन्ही हात खिशात घातले.

"इथे नाही, शेठ. बाहेर गटार आहे."

तो वळेपर्यंत लाल ओघळ हनुवटीवरून सुटला आणि चकचकीत मूळपुरुषावर पडला. फडकं माझ्यासमोरच होतं. मी दिलं नाही.