न दिसणाऱ्या सोन्याची रेघ

मित्रांनो, तुमच्या तळहातात मावेल एवढा मी एक जुना, काळा कसोटीचा दगड आहे. सोनं माझ्यावर घासतात, त्याची रेघ उमटते आणि त्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकतात. खोटं असेल ते विरून जातं, खरं असेल ते टिकतं. म्हणजे संशय घेणं हाच माझा धंदा. चकाकणारं काही समोर आलं की मी आधी मनातल्या मनात नाक मुरडतो.

कोणत्या तरी नदीच्या पात्रातून मला उचललं, करवतीने कापलं, घासून गुळगुळीत केलं. ती नदी कोणती, हे मला कुणी कधी विचारलं नाही. सोन्याला मात्र सगळे विचारतात, तू कुठलं?

माझे मालक सोन्याचे पारखी होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची भट्टी, तराजू आणि खिडकीशी मी. खाणींतून निघालेल्या कच्च्या सोन्याच्या कांबा व्यापारी त्यांच्याकडे आणत आणि कस तपासून घेत. मालक हुशार, पण भारी संशयी. दूधवाला हसला तरी त्यांना वाटे, आज याने पाणी जास्त घातलं. त्या काळी जगात नव्याने निघणाऱ्या दर तीन तोळ्यांपैकी जवळजवळ दोन तोळे सोनं एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येई. मालकांच्या डोळ्यांना त्याच रेघेची सवय. त्यांच्या लेखी सोन्याला दुसरं माहेरच नव्हतं.

मालकीणबाईंचा धाकटा भाऊ व्यापाऱ्यांसाठी देशोदेशी फिरत असे. सगळे त्याला भटक्या म्हणत. पुढे काही वर्षांनी एका दुपारी त्याने माझ्याशेजारी एक कांब आणून ठेवली. अमेरिकेच्या वाळवंटातली आहे, म्हणाला. मालकांनी घासली. रेघ किंचित फिकट आली, पण तेजाबाला हलली नाही. मी माझी साक्ष चोख दिली होती. मालकांच्या कपाळावरची आठी मात्र जाईना.

“अमेरिकेतलं सोनं केव्हाच ओसरलं. शाळेत शिकलोय मी,” ते म्हणाले.

ते शिकले होते त्यात खोटं काही नव्हतं. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा जग तिकडे धावलं, मग ऑस्ट्रेलियाकडे, मग दक्षिण आफ्रिकेकडे. मालकांचा धडा तिथेच संपला होता. भटक्याने परोपरीने समजावलं. आता नवी रीत निघाली आहे, खडकात डोळ्यांना दिसणारही नाही इतकं बारीक सोनं रसायनाच्या पाण्यात विरघळवून काढतात, जुने देश पुन्हा वर येताहेत, असं तो सांगत राहिला.

“न दिसणारं सोनं,” म्हणून मालक हसले. ते हसू मला आवडलं नाही.

त्याच सुमारास मागच्या गल्लीतल्या सराफाकडे चोरी झाली होती. मालकांच्या मनात पाल चुकचुकली. भटक्याने चोरीचे दागिने वितळवले असणार. ते त्याच्या तोंडावर काही बोलले नाहीत. सरळ चौकीत गेले आणि फौजदारांच्या कानावर घालून आले. भटक्याला बोलावणं आलं, घराची झडती झाली, हाती काही लागलं नाही. खरा चोर पुढे पकडला गेला. तरी मालक म्हणत, मग दुसरी काही लबाडी असेल, अमेरिकेचं सोनं तर नव्हेच. लोकांच्या तोंडी एकदा नाव गेलं ते गेलं. व्यापाऱ्यांनी भटक्याला काम देणं बंद केलं, आणि एके सकाळी बायकोमुलांसह तो शहर सोडून गेला.

त्या दिवसापासून मालकीणबाईंनी पुढच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मालकांचा चहा मुलगी आणून ठेवू लागली.

वर्षं गेली. दक्षिण आफ्रिकेच्या कांबा विरळ होत गेल्या. तिथल्या खाणी इतक्या खोल गेल्या होत्या की सोनं वर आणण्याचाच खर्च झेपेना. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, मग पेरू, मग चीन, अशी निरनिराळी नावं माझ्या खिडकीशी ऐकू येऊ लागली. मालक प्रत्येक कांबेकडे वाकड्या नजरेने बघत आणि प्रत्येक कांब तेजाबाला पुरून उरे. शेवटी एका मोठ्या पेढीचा माणूस अमेरिकेच्या त्याच वाळवंटातल्या खाणीचा शिक्का मारलेली कांब घेऊन आला. मालकांनी ती घासली. तीच किंचित फिकट रेघ. त्यांनी मला पुसलं, पुन्हा घासली. मग मला उचलून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि एसटी स्टँड गाठला.

भटक्या दुसऱ्या एका शहरात स्टोव्ह दुरुस्त करत होता. हात काळे, केस पांढरे.

“तुझं सोनं खरं होतं,” मालक उभ्या उभ्याच म्हणाले.

“ते मला तेव्हाही माहीत होतं, भावोजी.” भटक्याने हातातला बर्नर खाली ठेवला. “सोनं घासून बघितलंत. मला कशावर घासलंत?”

मालकांनी खिशात मला घट्ट धरलं. त्यांनी माफी मागितली, तीही अडखळत. भटक्याने त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं, ताईची चौकशी केली. परत येतो असं मात्र म्हणाला नाही. पुढे मालक व्यापाऱ्यांच्या दारोदार जाऊन आपलीच चूक होती असं सांगत फिरले. एकाने काम देऊ केलं, तर भटक्याने स्टोव्हच बरे असं कळवलं. मालकीणबाई मात्र भावाकडे राहायला गेल्या आणि उन्हाळा सरेपर्यंत परतल्या नाहीत. त्यानंतर मालक कांबेपेक्षा माझ्याकडेच जास्त संशयाने बघत, जणू माणसाबद्दल मी काहीच कसं सांगितलं नाही.

आता मालक नाहीत. त्यांची मुलगी पारखी झाली आहे. तिच्या यंत्रात कांब ठेवली की आकडे उमटतात. सोनं काढण्यात बरीच वर्षं चीन सगळ्यांच्या पुढे आहे आणि दक्षिण आफ्रिका यादीत खाली, खूप खाली गेली आहे. मुलगी बापासारखीच संशयी. पण मनात काही आलं की ती खुर्ची ओढते, समोरच्याला बसवते आणि कुठून आणलंत, कसं निघालं ते सांगा म्हणते. पुरतं ऐकून घेते. काहींना तिने कांबेसकट परत पाठवलं आहे, तेही ऐकून घेतल्यावरच.

मी खिडकीत धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, असा एखादा दगड तुमच्या घरी असेल तर त्याला अधूनमधून तेलाचा हात लावा, तो अजून कामाला येईल. संशयही जरूर घ्या, मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त माझ्या अंगावरच्या रेघेवरून माणसाचा कस ठरवू नका. तेवढं मला कळत नाही.