रविवारपर्यंत

काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं तेव्हा गाशे झेलेकेंनी खोटं नाव सांगितलं.

“ताद्देसे,” ते म्हणाले.

मुलीनं ते कागदी कपावर लिहिलं, मग दुधाबद्दल काहीतरी विचारलं आणि झेलेकेंनी नुसती मान हलवली. त्यांचं लक्ष काचेपलीकडे होतं. रस्त्याच्या त्या बाजूला कॉफीवाल्या अत्सेदेचं दार उघडं होतं आणि आतून धूर येत होता, म्हणजे बिया तव्यावर पडल्या होत्या. थोड्या वेळानं मुलगी ‘ताद्देसे, ताद्देसे’ म्हणून ओरडू लागली. म्हातारा जागचा हलला नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या माणसानं वळून पाहिलं, तेव्हा त्यांना आपण सांगितलेलं नाव आठवलं. कप घेऊन ते खांबाआडच्या खुर्चीत जाऊन बसले.

या दुकानाला आमच्या कबेना मोहल्ल्यात सगळे नुसतं ‘हिरवं’ म्हणत. पाटी हिरवी, खुर्च्या हिरव्या, पोरींचे एप्रनही हिरवे. अदिस अबाबात कुठंही उतरा, जवळपास एक हिरवं असायचंच, आणि दर ठिकाणी कॉफीची चव तीच. रस्ता रुंद झाला तेव्हा आमच्याकडेही आलं. त्या वेळी सगळ्यात जास्त टर उडवली होती ती झेलेकेंनीच. कॉफीच्या देशात जन्माला येऊन कागदाच्या कपात कॉफी पिणाऱ्यांची नावं देवानं वेगळी लिहून ठेवलेली असतात, असं ते अत्सेदेच्या ओसरीवर बसून सांगायचे आणि अत्सेदे हसून त्यांच्या कपात साखर जास्त घालायची.

लोक तिथं का जातात याची कारणं लोकच सांगत. इंटरनेट आहे, संडास स्वच्छ आहे, खुर्चीला पाठ आहे. बुधवारपासून या खांबाआड बसून झेलेकेंना मात्र निराळंच दिसलं होतं. कोपऱ्यात टाय लावून बसलेला माणूस बँकेतला. त्याची नोकरी गेल्याचं मोहल्ल्यात कुजबुजलं जात होतं, पण घरून तो रोज वेळेवर निघायचा. खिडकीशी बसलेल्या पोरीनं बोटातली अंगठी काढून पर्समध्ये टाकलेली त्यांनी पाहिली होती. इथं कॉफीला पैसे पडायचे आणि कोणी काही विचारायचं नाही. अत्सेदेकडे उलटं, कॉफी जवळजवळ फुकट आणि चौकशी पोटभर. ज्याला तोंड लपवायचंय त्यानं जावं कुठं?

झेलेकेंनाही तेच लपवायचं होतं. अत्सेदेचा मुलगा सुराफेल तिकडं दक्षिण सुदानात, जूबाला, पाण्याचा टँकर चालवायचा. सोमवारी तो टँकर उलटला आणि सुराफेल जागेवर गेला. त्याच्या खोलीवरच्या मित्रानं फोन केला तो आईला नाही, गल्लीतल्या किफ्ले न्हाव्याला. रीतच तशी आहे. मरणाची बातमी ज्याची त्याला फोनवर द्यायची नसते. रक्ताचं माणूस येऊन पोचेपर्यंत थांबायचं, आणि मग पहाटे, माणूस झोपेतून पुरतं उठायच्या आत, सगळ्यांनी मिळून दार वाजवायचं. त्याला मर्दो म्हणतात. तोवर अख्ख्या गल्लीनं मूग गिळून बसायचं.

मंगळवारी इद्दिरची मंडळी, म्हणजे गल्लीतलं मयत ज्यांच्या खांद्यावर असतं ती माणसं, झेलेकेंच्याच घरी बसली. अत्सेदेची थोरली बहीण देस्स्येला असते, ती येऊ दे. रविवारी पहाटे जाऊ. तोवर सगळ्यांनी रोजच्यासारखं वागायचं. ठरवायला काय जातंय! बुधवारी किफ्लेनं दुकानात गर्दी असल्याचं कळवलं. ब्रुकताविट शिंपिणीचं डोकं दुखू लागलं. झेलेके काठी घेऊन निघाले, अत्सेदेच्या दारापर्यंत गेले आणि रस्ता ओलांडून हिरव्यात शिरले.

पहिला कप एक वेळ निभला असता. दुसराही. पण आमच्याकडे तिसऱ्या कपाशिवाय कोणी उठत नाही, आणि तिसरा कप झाला की बसलेल्यांतल्या थोरल्यानं त्या घराला आशीर्वाद द्यायचा असतो. अत्सेदेकडे तो मान वर्षानुवर्षं झेलेकेंचा होता, सगळ्यांचे गाशे म्हणजे वडीलधारे तेच. या घरची चूल पेटती राहो, या घरचं लेकरू सुखी राहो, वाईट बातमी या दारातून आत न येवो. झेलेके चर्चमध्ये वाचन करणारे, शब्दाला जपणारे. हे म्हणायचं, आणि रविवारी तीच बातमी घेऊन त्याच दारातून आपणच आत जायचं? त्यापेक्षा कागदी कप परवडला.

दाराशी काहीतरी गडबड झाली म्हणून त्यांनी मान वर केली. रखवालदार कोणाला तरी थांबवायचं की नाही अशा पेचात उभा होता आणि त्याच्या हाताखालून अत्सेदे आत आली होती. खांद्यावर पांढरी सुती ओढणी, नेतेला, पायात घरातल्याच चपला, अंगाला धुराचा वास. तिनं एकदा दुकानभर नजर फिरवली आणि सरळ खांबाकडे आली.

“खांब बारीक आहे, गाशे,” ती म्हणाली. “तुमचं पोट दिसतंय.”

झेलेके उठू लागले. तिनं त्यांना हातानंच बसवलं आणि समोरची खुर्ची ओढून घेतली. हिरव्या एप्रनमधली मुलगी लगबगीनं आली.

“एतिये, तुम्हाला काय देऊ?”

“मला? कॉफी देतेस मला?” अत्सेदे हसली. “बस गं बाळ, दमली असशील. मला काही नको.”

मुलगी लाजून गेली. अत्सेदेचं हसू मात्र टिकलं नाही. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं बिया भाजून काळी झाली होती.

“भांडायला आलेय,” ती म्हणाली. “सांगून टाका. बिया जळल्या होत्या का? पाणी वाईट होतं? की मी कोणाला काही लागेल असं बोलले?”

“असं काही नाही.”

“मग काय आहे? किफ्ले येत नाही. ब्रुकताविट मला पाहून पलीकडच्या कडेनं जाते. मी म्हटलं जाऊ दे, तरुण माणसं आहेत, त्यांना हिरवं आवडलं. पण तुम्ही, गाशे? परवा दारापर्यंत आलात आणि माघारी वळलात. मी आतून पाहिलं. गिऱ्हाईक गेलं त्याचं मला काही नाही. दोन कप कमी भरीन. पण ते गिऱ्हाईक नव्हतं हो, ती माझी माणसं होती.”

“गुडघे,” झेलेके म्हणाले. “तुझी ती बुटकी स्टुलं. इथं खुर्चीला पाठ आहे.”

“गुडघे!”

“वय झालं, अत्सेदे.”

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. चोराच्या मनात चांदणं; झेलेकेंनी नजर कपात घातली. मग तिनंच हात पुढं करून तो कप उचलला.

“बघू तरी काय एवढं असतं यात. नाव मोठं, लक्षण...”

कप तिच्या ओठांपाशी थांबला. तिनं वास घेतला. झाकण काढून आत पाहिलं. कप अर्धा संपला होता.

“गाशे,” ती हळू म्हणाली. “आज शुक्रवार आहे.”

झेलेकेंनी कपात पाहिलं. कॉफी दुधाची होती.

बुधवार-शुक्रवारचा उपास आमच्याकडे बहुतेक जण पाळतात, त्या दिवशी दूधदुभत्याला शिवत नाहीत, पण झेलेकेंचा उपास म्हणजे मोहल्ल्याचं घड्याळ. एकदा तापात फणफणले असताना बायकोनं शुक्रवारी ताक दिलं तर त्यांनी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. त्या माणसानं भर दुपारी अर्धा कप दूध पोटात घातलं होतं आणि त्याला ते कळलंही नव्हतं. आता सांगावं तरी काय? मुलीनं चुकून दिलं म्हणावं, औषध म्हणून घेतलं म्हणावं.

अत्सेदेनं झाकण परत बसवलं. चारी बाजूंनी दाबून नीट बसवलं. मग कप टेबलाच्या मधोमध ठेवला.

“सुराफेलचा फोन लागत नाही,” ती म्हणाली. “किफ्ले म्हणाला, तिकडचा टॉवर पडलाय.”

“पडतात तिकडं टॉवर,” झेलेके म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

“हो. पडतात.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. रस्त्यावरून एक मिनीबस गेली, तिच्या दारात लोंबकळणारा पोऱ्या ‘अरात किलो, अरात किलो’ म्हणून ओरडत होता. अत्सेदेनं आयुष्यात किती जणांची दारं पहाटे वाजवली होती. कोणाच्या नवऱ्यासाठी, कोणाच्या भावासाठी. आधीचे दिवस कसे काढायचे असतात, कोणती थाप कोणाला मारायची असते, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. बसल्या बसल्या ती एकाएकी म्हातारी दिसू लागली. झेलेकेंना वाटलं, आता ही ओरडणार. इथं, या परक्या लोकांत. ते मनातल्या मनात देवाचा धावा करू लागले.

ती ओरडली नाही.

“माझी बहीण बसमध्ये बसली का?” तिनं विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं. कसली बहीण, कसली बस, असं म्हणायला हवं होतं. इद्दिरमध्ये त्यांनीच तर सगळ्यांना बजावलं होतं.

“उद्या दुपारी पोचेल,” ते म्हणाले.

अत्सेदेनं मान डोलावली. डोळ्यांतलं पाणी तिनं नेतेलाच्या टोकानं टिपलं, एकदाच. पुन्हा आलं ते तसंच राहू दिलं.

“म्हणजे रविवारी.”

झेलेकेंनी कप बाजूला सारला.

“मग मला काही सांगू नका,” ती म्हणाली. “कुठं, कसं, काही नाही. रविवारी या सगळे, रीतीनं या, मी दार उघडेन. त्या दिवशी मला काय करायचं ते मी करीन. पण आज शुक्रवार आहे. आज मला मुलगा आहे, गाशे. उद्याही आहे. आणि तुम्ही लोकांनी मला त्याच्याबरोबर एकटीला टाकलंत. हे दोन दिवस मी कोणाशी बोलू त्याच्याबद्दल?”

“अत्सेदे, आम्हाला तोंड दाखवायला...”

“तुमच्या तोंडाचं मला काय करायचंय! तव्यावर बिया आहेत, चला. करपल्या तर तुम्हालाच पाजीन.”

ती उठली आणि वळूनही न बघता चालू लागली. झेलेके काठी शोधत तिच्या मागं गेले. रस्ता ओलांडताना तिनं न्हाव्याच्या दुकानात डोकं घातलं.

“किफ्ले, वस्तरा ठेव आणि ये. गाशेंचे गुडघे बरे झालेत. आणि त्या ब्रुकताविटला हाक मार, म्हणावं डोकं घेऊन ये, दुखतंय ते बांधून देते.”

दोघं आली. किफ्लेनं झेलेकेंकडे पाहिलं. झेलेकेंनी डोळ्यांनीच ‘बस’ म्हटलं, अधिक काही कळू दिलं नाही. जमिनीवर ताजं गवत पसरलेलं होतं. अत्सेदेनं भाजलेल्या बियांचा तवा एकेकाच्या नाकाशी फिरवला आणि प्रत्येकानं धूर हातानं ओढून घेतला. लाह्यांची परडी मधे आली. अत्सेदे कुटत होती आणि बोलत होती. सुराफेल लहानपणी कॉफीच्या सुरईत, जेबेन्यात, खडे टाकायचा. आता लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवून देतो, गाढव. पोरगी असेल तिकडं एखादी, तुला काही बोललाय का रे किफ्ले?

किफ्लेनं कप खाली ठेवला.

“बोलला होता,” तो म्हणाला. “आहे एक. उंच आहे म्हणाला.”

“उंच? मग स्वयंपाकघराच्या दाराला डोकं आपटेल तिचं,” अत्सेदे म्हणाली आणि हसली, आणि ब्रुकताविटही हसता हसता तोंडात नेतेलाचं टोक कोंबून लाह्या निवडू लागली.

पहिला कप झाला. दुसरा झाला. अत्सेदेनं जेबेन्यात पुन्हा पाणी घातलं, निखारे सारखे केले आणि ते उकळू दिलं. तिसरा कप फिकाच असतो. सगळ्यांनी तो हळूहळू प्यायला आणि खाली ठेवला. किफ्ले आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. अत्सेदेनं नेतेला डोक्यावरून घेतली आणि झेलेकेंसमोर मान वाकवली.

“म्हणा, गाशे,” ती म्हणाली. “रोजच्यासारखं.”

झेलेकेंनी तळवे वर केले. कोपरं मांडीला टेकवली.

“या घरची चूल पेटती राहो,” ते म्हणाले. “सुराफेल जिथं आहे तिथं देव त्याच्या उशाशी असो. त्याची लेकरं या अंगणात खेळोत. वाईट बातमी या दारातून आत न येवो.”

“आमेन,” अत्सेदे म्हणाली, सगळ्यांच्या आधी. मग मान वर करून तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

“उद्याही असंच म्हणा.”