डावीकडची कोरी पट्टी

नकाशेबाईंचा स्वभाव साऱ्या ऑफिसला ठाऊक होता. बाई सहसा चुकायच्या नाहीत, आणि चुकल्याच तर चार टेबलांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात कबूल करायच्या. पण त्या दिवशी निघालेली चूक भलतीच होती, तीही तीन वर्षं जुनी.

झालं काय, की नदीच्या पूर्वेकडच्या गल्लीतला एक गवंडी त्यांच्या टेबलाशी आला. पूररेषेच्या आत येणारी अकरा घरं पाडायची नोटीस त्याच्या हातात होती. "बाई, माझं घर मी स्वतः बांधलंय. पुलाच्या खांबापासून पावलं मोजून बांधलंय. तुमच्या नकाशात तो खांब माझ्या न्हाणीघरात येतो हो!"

ऑफिसात हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी जुन्या कागदी नकाशाचं स्कॅन उघडलं, त्याखाली विमानातून काढलेला फोटो लावला. फोटोतला पूल एकीकडे, नकाशातला पूल चाळीस मीटर पूर्वेला!

कारण सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. स्कॅन जमिनीवर नेमकं कुठं बसवायचं, हे कॉम्प्युटरला त्याच्या चार कडांचे आकडे देऊन सांगावं लागतं. बाईंनी आतल्या चौकटीवर छापलेले आकडे दिले होते, पण चौकटीबाहेरचा कोरा कागद कापायचा राहिला होता. डावीकडे तर खुणांच्या यादीसाठी चांगली तळहाताएवढी पट्टी सोडलेली. कॉम्प्युटर बिचारा काय करणार? त्यानं ती पट्टीही जमीनच धरली आणि नदी ढकलली लोकांच्या घरांत.

बाई तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. "माझ्या हातची चूक आहे. आत्ता दुरुस्त करते."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "सही झालीय त्यावर, बाई. आता नकाशा हलवला तर तुमच्याबरोबर माझीही अब्रू जाईल." मग आवाज मऊ करून म्हणाले, "आणि नदी पश्चिमेला सरकली तर त्या काठावर कोण सापडतं, बघितलंत का? तुमच्या आई."

बघितलं नव्हतं. जागेवर येऊन बाईंनी पट्टी कापली, चारही कडा पुन्हा बसवून पाहिल्या. पूररेषेचा लाल पट्टा आईच्या परसातून थेट स्वयंपाकघरात शिरला. बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं ते शेवटचं बांधकाम. बाईंना रडू आलं आणि साहेबांचा असा संताप आला की काही विचारू नका. फाइल सेव्ह न करताच त्या घरी गेल्या. आईकडे फिरकल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराला सुनावणी होती. अकरा घरची माणसं भिंतीला टेकून उभी होती, समोर वरचे अधिकारी. साहेब म्हणाले, "बाई, नकाशा दाखवा." बाईंनी पडद्यावर नकाशा लावला आणि त्याच्या कडांची खिडकी उघडली.

"हे काय चाललंय?" साहेब कुजबुजले.

"कागद कापतेय."

"बदली करीन!"

"करा की. जाईन तिथले नकाशेसुद्धा नीट बसवीन!" हे मात्र बाई कुजबुजल्या नाहीत.

आकडे तेच दिले, कागद तेवढा कापला. पडद्यावरची नदी पश्चिमेला सरकली, पूल फोटोतल्या पुलावर बरोबर बसला आणि अकराही घरं लाल पट्ट्याबाहेर आली. गवंडी पडद्याजवळ जाऊन खांबापासून आपल्या घरापर्यंतचं अंतर बोटानं मोजू लागला.

"चूक कोणाची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझी. लिहून देते." त्यांनी तिथल्या तिथे लिहूनही दिलं, आणि घरं पाडणं थांबलं.

संध्याकाळी बाई आईकडे गेल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळ्या झाल्या. म्हातारीनं निवडायचं ताट बाजूला सारलं.

"आधी मला विचारायचं नाहीस?"

"विचारलं असतं तर?"

"चांगल्या शिव्या घातल्या असत्या. त्या लोकांना एवढा घोर लावलास म्हणून!" आई उठली, स्वयंपाकघराच्या भिंतीवरून तिनं एकदा हात फिरवला. मग पुढच्या खोलीत जाऊन खिडकीखालची जागा वितीनं मोजायला लागली.

"त्या गवंड्याला विचार," ती न वळता म्हणाली, "इथं ओटा बांधायला कधी येतो."