राक्षसाच्या गळ्यातली थाळी

जपानातल्या ओत्सू गावच्या हमरस्त्यावर गेनशिचीचं चित्रांचं दुकान होतं. त्याच्या आजोबांच्या काळी वाटसरू तिथून अमिदा बुद्धाचं चित्र नेत आणि घरी त्याचाच देव्हारा करत. गरिबाला मूर्ती कुठली परवडायला! आता मात्र लोकांना हसवणारी चित्रं हवी असत. सगळ्यांत जास्त खपायचा तो भिक्षूची वस्त्रं घालून, गळ्यातली थाळी बडवत अमिदाचा नामजप करणारा शिंगवाला राक्षस. हा राक्षस गेनशिचीची लेक ओमित्सू रंगवायची. गेनशिची रंगवायचा फक्त अमिदा. चेरीचा बहर झडेपर्यंत एकही अमिदा गेला नाही, तर कुंचला तळ्यात फेकून मोकळं व्हायचं, असं तो यंदा बुद्धासमोर बोलून बसला होता.

फांद्यांवर थोडीच फुलं उरली असताना गाडीवान क्योहेइ आला. कडेवरच्या चिमुरडीने भोकाड पसरलेलं.

"आजोबा, एक राक्षस द्या. ही रात्रभर रडते. राक्षस भिंतीला लावला की पोरं गप्प होतात म्हणे."

"अरे, अमिदा ने की!"

"तो आहे हो घरी, तुमच्या आजोबांच्याच हातचा. धुराने काळा पडलाय, पण त्याला हात जोडल्याशिवाय आई घास घेत नाही. देव कुणी बदलतं का?"

आतून ओमित्सू खिदळली. "ऐकलंत बाबा? तुमचा धंदा तुमच्या आजोबांनीच बुडवला!"

गेनशिचीने तोंड वाकडं करत राक्षस गुंडाळून दिला.

काही दिवसांनी क्योहेइ पुन्हा दारात. दुकानात टांगलेला राक्षस पोरीने पाहिला मात्र, छातीवर मूठ आपटत "नामू, नामू" सुरू केलं आणि हात जोडले.

"हिला भीती नाही वाटत?" गेनशिचीने विचारलं.

"कसली भीती! रात्री याच्यासमोर बसून ही स्वतःच घरातली थाळी वाजवते. मग आई देवळातल्या प्रवचनकार बुवांच्या चालीवर 'नामू अमिदा' असं नाम धरते, आम्ही मागे गातो. गाता गाता पोर झोपते. शेजाऱ्यालाही एक राक्षस हवाय."

 गेनशिची नाक पुसून म्हणाला, "ओमित्सू, सरक. तुझी थाळी मुळ्याच्या चकतीसारखी वाकडी आहे."

त्याने बुद्धाची प्रभावळ काढायचं बांबूचं दुपायी साधन राक्षसाच्या छातीवर रोवलं.

"बाबा, ते तर देवाचं!"

"नाम निघतं ना त्या थाळीतून? मग गोल नीटच हवा."

दाराबाहेर चेरी पार रिकामी झाली होती. गेनशिचीला वर बघायला सवड नव्हती.